दुसरा उतारा

बीडला शिकवणाऱ्या रोहिणीला वाचन-चाचणी घ्यायला लिंबागणेशच्या पुढच्या एका वस्तीशाळेवर पाठवलं होतं. तिसरीच्या मुलांना दोन उतारे वाचायला द्यायचे आणि एकेकाला तोंडी विचारायचं : यातली रचलेली गोष्ट कोणती, खरी माहिती कोणती, आणि ते तुला कशावरून कळलं?

मुख्याध्यापक सुंदरराव फाटकातच उभे होते. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या छबुबाईंनी पोहे आणून दिले. रोहिणीने बाथरूम कुठे आहे विचारलं, तर सरांनी स्वतः खिशातून किल्ली काढून दार उघडलं. आत पांढऱ्या फरश्या, भरलेली बादली, नवा साबण. बाहेर आल्यावर तिने शाळेचं कौतुक केलं आणि सर खुलले.

पहिल्या उताऱ्यात एक शेळी लांडग्याशी गोड बोलून निसटत होती. दुसऱ्याचं नाव होतं 'आमची शाळा'. शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असतं, तिथे पाणी आणि साबण असतो, मुली हात धुऊनच जेवायला बसतात, असं त्यात होतं.

मुलं येऊन सांगून जाऊ लागली. "जनावर बोललं की गोष्ट, न्हाई बोललं की माहिती." सगळ्यांची चालसुद्धा एकच. एका पोराच्या हातात रोहिणीने कागद दिलाच नाही, तरी त्याने तेच म्हणून दाखवलं. दारात खुर्ची टाकून बसलेले सुंदरराव समाधानाने मान हलवत होते. त्या मानेकडे बघून रोहिणीला शिसारी आली.

मग छबुबाईंची नात गंगासागर आली. तिने ओळीखाली बोट धरून दोन्ही उतारे सावकाश वाचले.

"दोनी बी गोष्टीच हायेत," ती म्हणाली.

"दुसऱ्यात कुठं जनावर बोलतंय?"

"बोलत न्हाई. पर ते खरं न्हाई."

"का गं? मी सकाळी जाऊन आले की. पाणी होतं, साबण होता."

"ते तुमच्यासाठी उघडतेत. कुणी सायब आलं की उघडतेत. आमचं मागं हाय."

"गंगासागर," सुंदरराव दारातून म्हणाले, "काल काय शिकवलं होतं?"

रोहिणी उठली आणि शाळेच्या मागे गेली.

तिथे दाराऐवजी पोतं टांगलेलं होतं. ते बाजूला करताच माशांचा थवा तिच्या तोंडावर आला. संडासाचं भांडं काठोकाठ तुंबलेलं, त्यात अळ्या वळवळत होत्या, आणि भिंतीवरून काळपट ओल खाली उतरत होती. नळाला तोटीच नव्हती.

"इथं जाता तुम्ही?" तिने पाठोपाठ आलेल्या गंगासागरला विचारलं.

"न्हाई. बाभळीकडं जातो. एक जण पहारा देती."

सुंदरराव नाकाला रुमाल लावून मागे उभे होते. "पोरींना सवय नसते, मॅडम. घाण करतात. एक तरी चांगलं राहावं म्हणून कुलूप लावावं लागतं." नव्या सोफ्यावर चादर घालण्याबद्दल बोलावं, इतक्या सहज ते बोलले. रोहिणीने आत येऊन गंगासागरला पूर्ण गुण दिले.

बीडला चाचणीचं काम अभिमन्यू सरांकडे होतं. मोसंबी सोलता सोलता त्यांनी कागद पाहिला.

"उत्तरसूचीत दुसरा उतारा माहिती आहे. हिचं चूक."

"सर, त्या शाळेत ते खोटं आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय. पोरीने वाचलं आणि ते खरं आहे का हेही ताडून पाहिलं. आणखी काय समजायचं असतं?"

"मॅडम, शाळा कशी आहे हे आपल्याला कुणी विचारलेलं नाही. समजलं का, एवढंच विचारलंय." मोसंबीच्या रसाने चिकट झालेल्या बोटांनी त्यांनी गुण खोडले. "एका पोरीसाठी कशाला अडून बसता?"

रोहिणीने सही केली नाही. दुसऱ्या कुणाचीतरी घेतली गेली, आणि गंगासागरचं नाव कच्च्या मुलांत गेलं. रोहिणीने पाहिलेलं सगळं वरच्या साहेबांना लिहून कळवलं, पोत्यासकट, अळ्यांसकट. लिहितानाही तिला तो वास येत होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने छबुबाईंना फोन करून शाळा बघायला कुणी आलं का, ते विचारलं.

"आलते की सायब," छबुबाई म्हणाल्या. "सरांनी किल्ली काढली, दार उघडून दाखवलं. सायब आतमधी जाऊन आले, हात धुतले. लई खूष झाले. फोटो बी काढला."

"मागचं नाही पाहिलं?"

"मागं कोण जातंय, बाई?"

"तुम्ही नाही सांगितलं?"

"माझं खिचडीचं काम सरांच्या हातात हाय. म्या काय सांगू?"

रोहिणीला त्यांच्यावर रागावता आलं नाही. तिने गंगासागरचं विचारलं.

"तिला आता शनवारी जादा तास हाय. खरं कोणतं अन् रचलेलं कोणतं, ते शिकवतेत."

"कोण शिकवतं?"

"सुंदरराव सरच की."

रोहिणीच्या तोंडात कडू पाणी आलं. फोन तसाच ठेवून ती मोरीकडे गेली आणि थुंकली.