रानमेथीचं नाव

कामरेजजवळच्या गव्हाच्या बांधावरून आणलेली पिवळ्या फुलांची रानमेथी वर्षाने सुकवून कागदावर चिकटवली, पण नाव लिहिताना तिचा हात थांबला. कॉलेजच्या कपाटात असंच एक जुनं वाळवलेलं रोप होतं. त्यावर लिहिलं होतं, मेलिलोटस ऑफिसिनॅलिस. बाकीच्या मुलांनी तेच उतरवून घेतलं होतं.

वर्षा सुरतच्या लिंबायतची. खानदेशातून आलेले वडील धुडकू पाटील लूमवर कामाला, आई पुष्पाबाई घरी साड्यांना टिकल्या लावायची. बारावीच्या पुढे गेलेली घरातली ती पहिलीच.

तिने भिंगाखाली फूल मोजलं. जेमतेम तीन मिलिमीटर. शेंगेवर बारीक जाळी. पुस्तकात ऑफिसिनॅलिसचं फूल याच्या दुप्पट होतं आणि शेंगेवर आडव्या सुरकुत्या होत्या. मग तिने कपाटातलं रोपही तपासलं. तीच बारीक फुलं, शेंगेवर तशीच जाळी.

ती वनस्पतिशास्त्राच्या उषा मॅडमकडे गेली.

"मॅडम, कपाटातल्या रोपाचं नाव चुकलंय असं वाटतं. हे मेलिलोटस इंडिकस आहे."

"इंडिकस म्हणजे भारतातलं. आपल्याकडे सापडलं म्हणून म्हणतेस?"

"नाही मॅडम. हे तर भूमध्य समुद्राकडेही रानोमाळ उगवतं. मी फुलावरून आणि शेंगेवरून म्हणतेय."

मॅडमनी भिंग घेतलं. शेंग उलटसुलट करून पाहिली.

"ते नाव मीच लिहिलंय, नोकरीला लागले तेव्हा," त्या म्हणाल्या. "आणि दरवर्षी तेच शिकवत आले."

वर्षा माफी मागू लागली. मॅडम मात्र हसत होत्या. जुनं लेबल काढायचं नसतं, त्याच्याखाली दुरुस्तीची नवी चिठ्ठी लावतात. असं सांगत त्यांनी कोरी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली.

"लिही. आणि ओळखणाऱ्याच्या जागी तुझं नाव टाक. पूर्ण नाव."

कॉलेजच्या प्रदर्शनात ते रोप मांडलं, तेव्हा आई-वडील दोघंही आले.

"काय लिखेल शे?" पुष्पाबाईंनी अहिराणीत विचारलं.

वर्षाने इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं, "मेलिलोटस इंडिकस. ओळखणारी, वर्षा धुडकू पाटील, १९९६."

"मनं बी नाव शे त्याम्हा?" आपलं नाव ऐकून धुडकू म्हणाले.

"शे ना, बाबा."

मागून एक गुजराती गृहस्थ येत होते. त्यांना वाट द्यायच्या ऐवजी धुडकूंनी त्यांना थांबवलं आणि रोपाकडे, मग वर्षाकडे हात केला.

"जुओ, आ मारी दीकरीए ओळख्युं छे."

प्रदर्शन बंद होईपर्यंत ते त्या टेबलापासून हलले नाहीत. येईल त्याला शेंगेवरची जाळी दाखवत उभे राहिले.