भारोभार गूळ

मी एक जुना तराजू आहे आणि गेल्या दीड वर्षापासून माझा पार गोंधळ उडाला आहे. मित्रांनो, तराजूने गोंधळून चालत नाही हे मलाही ठाऊक आहे. ज्याचं कामच निवाडा करण्याचं, तोच 'मला काही कळत नाही' म्हणू लागला तर लोकांनी बघायचं कुणाकडे? पण जे घडलं ते सांगतो. तुम्हाला उलगडलं तर मलाही सांगा.

माझा जन्म शहाद्याच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. चार हात लांब लोखंडी दांडी, तिच्या मधोमध एक काटा, दोन टोकांना साखळ्या आणि साखळ्यांना बाभळीच्या फळ्यांची दोन पारडी. तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याने मला कापूस मोजायला घरी आणलं आणि खळ्याच्या पडवीत सागाच्या तुळईला टांगलं. तिथेच मी आजही आहे.

माझा गुरू म्हणजे दोधूअप्पा मापाडी. त्याचे नियम दोन. पहिल्या मापाला 'एक' कधी म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. दुसरा नियम त्याहून कडक. माल भरण्याआधी रिकामी पारडी मोकळी सोडायची आणि काटा सरळ उभा राहतो का ते बघायचं. "पयले रिकामा काटा देख, मंग माल भर," असं तो हरेक नव्या मजुराला दरडावायचा. तेव्हा मला या म्हाताऱ्याचा कंटाळा यायचा. आता तसं वाटत नाही.

कापसाची वेचणी संपली की शेवटच्या दिवशी घरातली माणसंच पारड्यात बसत. मालक उमाकांतभाई बसले की पारडं धपकन जमिनीला टेके आणि सगळं खळं टाळ्या वाजवी. त्यांची बायको तापीबाई पदराआड हसे. तिच्या हातची दादर ज्वारीची भाकरी नवऱ्याच्या अंगी लागली, याचा तो जाहीर पुरावाच होता ना! त्यावरून मी एक गोष्ट पक्की शिकलो. पारडं खाली गेलं की माणसं खूश होतात.

मग एका वर्षी उमाकांतभाई बसले आणि पारडं टेकलंच नाही. दोधूअप्पाने समोरच्या पारड्यातलं वीसचं वजन काढलं, मग पाचाचंही काढलं, तेव्हा कुठे काटा सरळ झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोटातलं दुखणं त्यांनी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा सण त्यांनी पाहिला नाही. ते गेले तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. तापीबाई त्यानंतर पडवीत फिरकली नाही आणि पारड्यात बसायची रीतही मोडली. पारडं वर जाणं वाईट, हे मी त्या वर्षी शिकलो.

पुढे मोजणीला विजेचा काटा आला. माझ्या डाव्या पारड्यात फवारणीचा पंप ठेवू लागले. उजव्यात केळीच्या रोपांच्या पिशव्या. साखळीच्या कडीत एका चिमणीने घरटं केलं आणि दांडीवर गंज चढला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

आणि मग एके दिवशी उमाकांतभाईंचा मुलगा योगेंद्र घासलेटचं फडकं घेऊन आला आणि मला पुसू लागला. योगेंद्र बेचाळीस वर्षांचा, केळी आणि उसाचा चांगला बागायतदार. वजन एकशे तीन किलो. ट्रॅक्टरवर चढताना त्याला धाप लागे. डॉक्टरांनी रक्तातली साखर दाखवली आणि वडील कितव्या वर्षी गेले ते विचारलं. एवढ्याने माणूस काय करतो? भात कमी करतो, फार तर सकाळी फिरायला जातो. योगेंद्रने सुरतेच्या मॅरेथॉनला नाव नोंदवलं, तेही पूर्ण बेचाळीस किलोमीटरच्या! ज्याला पडवीपासून विहिरीपर्यंत जायला मोटरसायकल लागायची, तो सुरतेत जाऊन बेचाळीस किलोमीटर धावणार होता. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

त्याने आधी काचेचा चपटा वजनकाटा विकत आणला होता. पण आमच्या घराच्या जमिनी सारवलेल्या. तो काटा स्वयंपाकघरात एकशे एक दाखवी आणि ओसरीवर एकशे पाच. म्हणून योगेंद्रला मी आठवलो. दोधूअप्पाला बोलावणं गेलं, लोखंडी वजनं धुऊन आणली आणि दर रविवारी सकाळी योगेंद्र माझ्या डाव्या पारड्यात बसू लागला.

तापीबाईने त्याच दिवशी तापीमाईला नवस केला. "पोऱ्या पयीसन धडधाकट घर उना, का त्यान्हा भारोभार गूळ वाटसू." म्हणजे पोरगा पळून धडधाकट घरी आला की त्याच्या भारोभार, त्याच्या वजनाइतका, गूळ वाटेन.

आता माझ्या गोंधळाची सुरुवात ऐका. तिसऱ्या महिन्यात डावं पारडं वर जाऊ लागलं. मी घाबरलो. गेल्या वेळी असं झालं तेव्हा काय झालं ते मला ठाऊक होतं. पण योगेंद्र पारड्यातून उडी मारून चक्क नाचू लागला! त्याची बायको सीमा टाळ्या वाजवू लागली. दोधूअप्पा 'लाभ' म्हणून ओरडला, तेही चार किलो कमी भरल्यावर. घटलं त्याला लाभ म्हणायचं? मी आयुष्यभर कापूस मोजला, मित्रांनो. कमी भरल्यावर नाचणारा शेतकरी मी पाहिला नव्हता.

तापीबाई मात्र दारात उभी राहून डोळे पुसत होती. म्हणजे एकाच पारड्याकडे बघून एक नाचतो आणि एक रडते. यात खरं कोण, मला कळेना.

योगेंद्रच्या गमती तो पारड्यात बसून सांगे, तेव्हा मला ऐकायला मिळत. तो तापीवरच्या प्रकाशा गावच्या बॅरेजपर्यंत धावे आणि परत येई. उसाच्या फडातून एक जाडा माणूस घामाघूम होऊन पळतोय हे गावाला बघवेना. "काय भाऊ, मांगे कुत्रं लागनं का?" असं लोक विचारत. त्याहून वाईट म्हणजे जो तो मोटरसायकल थांबवी. "कोठे जाई ऱ्हायना? बस मांगे, सोडी देस." नाही म्हणणं आपल्याकडे बरं दिसत नाही. पहिल्या आठवड्यात योगेंद्र तीनदा धावत गेला आणि तिन्हीदा कुणाच्या तरी मागे बसून परत आला. सीमा हसून हसून बेजार. पुढे तिने त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर 'मला बसवू नका' असं शिवून दिलं, तेव्हा त्याची सुटका झाली.

वर्ष सरलं. योगेंद्र चौऱ्याऐंशीवर आला. शर्यतीला तीन महिने उरले. त्याच सुमारास दोधूअप्पा मोतीबिंदू काढायला लेकीकडे नवापूरला गेला आणि योगेंद्र स्वतःच वजनं ठेवू लागला. तो विजेच्या काट्यावर वाढलेला माणूस. रिकामा काटा बघायचा असतो, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

एका शनिवारी दुपारी, घरात कुणी नसताना, तापीबाई पडवीत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याजवळ आली. तिने डाव्या पारड्याखाली हात घातला आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला वरवंटा फळीला घट्ट बांधला. मला वाटलं, काही पूजाबिजा असेल.

रविवारी योगेंद्र बसला. आठवड्याची सगळी घट वरवंट्याने भरून काढली, वजन जराही हललं नव्हतं. पुढच्या रविवारी तेच. मग त्या फडक्यात तापीतला एक गोटा वाढला, पुढे आणखी एक. तापीबाईला आकडे वाचता येत नाहीत. ती सगळं अंदाजाने करी. त्यामुळे एका रविवारी वजन उलट अर्धा किलो वाढलं. घरात सीमा वरवंटा शोधत होती आणि शेवटी तिने ठेचा मिक्सरमध्ये वाटला.

मला सगळं जाणवत होतं. माझ्या दांडीवर ओझं कुठून येतंय ते मला कळणार नाही तर कुणाला? पण मी बोलू शकत नाही. समोर ठेवलं तेवढंच मी दाखवतो. मी खोटं बोलत होतो का? की मी खरंच बोलत होतो आणि माणसं मला चुकीचा प्रश्न विचारत होती? हे कोडं मला अजूनही सुटलेलं नाही.

योगेंद्रचा चेहरा मात्र उतरत गेला. त्याने रात्रीचं जेवण सोडलं, मग सकाळची भाकरीही अर्धी केली. अर्धा किलो वाढलेलं दिसलं त्या रविवारी तो पाणीही न पिता तीस किलोमीटर धावायला निघाला. बॅरेजच्या पुलाजवळ तो कोसळला. दूधवाल्याने त्याला दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. तिथल्या काट्यावर त्याचं वजन भरलं अठ्ठ्याहत्तर.

दोन दिवसांनी तो घरी आला. दोधूअप्पाही डोळ्याला हिरवी पट्टी लावून नवापूरहून परतला होता. योगेंद्र पडवीतल्या खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "आप्पा, हाऊ तराजू भंगारमा दी टाका. दवाखानाना काटा अठ्ठ्याहत्तर सांगस, हाऊ चौऱ्याऐंशी!"

भंगार! मित्रांनो, तो शब्द ऐकून मी थरारलो.

दोधूअप्पाने माझी पारडी रिकामी केली, हात काढून घेतला आणि एका डोळ्याने काट्याकडे बघत उभा राहिला. काटा डावीकडे कलला होता. त्याने वाकून डाव्या पारड्याखाली हात घातला. फडकं सोडलं. वरवंटा आणि दोन गोटे खाटेवर ठेवले.

सीमाने वरवंटा ओळखला. योगेंद्रने लुगड्याचं फडकं ओळखलं.

तापीबाई दारातच उभी होती. ती पळाली नाही. "मी बांधं," ती म्हणाली. "पारडं खाले दिसनं का तू पयनं सोडशी, असं वाटनं माले. तू दर रविवारे वर वर जाये, अन माले तुन्हा बाप दिसे. त्यासनं पारडं बी असंच जाये. माले भ्याव लागस रे, पोऱ्या." आणि ती दारातच खाली बसली. "मी तुले वाचाडाले गऊ अन मीच तुले पाडं."

योगेंद्र रागावेल असं मला वाटलं. पण तो उठला आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसला. "माय, मी तुन्हा समोर नाचे," तो म्हणाला. "तुले काय दिसत व्हई, माले समजनंच नही."

त्या दिवसापासून घरात नवी रीत पडली. रविवारी वजन दोधूअप्पा करणार, आधी रिकामा काटा तापीबाईला दाखवणार. वजन झालं की योगेंद्र पडवीतच जेवायला बसणार आणि आई वाढेल तेवढं खाणार. ती भाकरीवर तूप घाले आणि तो मुकाट्याने खाई. तिची भीती गेली असं नाही. पण आता ती बोलून दाखवी. "आज माले भ्याव लागी ऱ्हायनं," म्हणे, आणि मग योगेंद्र त्या सकाळी बूट काढून तिच्याजवळ बसून राही. गंमत बघा, जेवू लागला तसा तो लांब पळू लागला. खाऊन बळ येतं की पळून, तेही मला उलगडलेलं नाही.

शर्यतीच्या दिवशी सीमा त्याच्याबरोबर सुरतेला गेली. तापीबाई पडवीत आली आणि माझ्या रिकाम्या उजव्या पारड्यात जाऊन बसली. हातात दोधूअप्पाचा फोन. दुपार होत आली तरी ती हलली नाही. फार हलकी होती ती. या सव्वा वर्षात घरातलं आणखी कोण झिजलं, हे कुणी मोजलंच नव्हतं. मग फोन वाजला आणि योगेंद्रचा आवाज आला, "माय, पुरं व्हयनं. चालत का व्हयेना, पन पुरं व्हयनं." ती पारड्यात बसूनच रडली. माझ्या साखळ्या कितीतरी वेळ हलत होत्या.

चार दिवसांनी गुऱ्हाळातून गुळाच्या ढेपा आल्या. दोधूअप्पाने रिकामा काटा दाखवला. योगेंद्र गळ्यात पदक घालून डाव्या पारड्यात बसला, उजव्यात ढेपा चढल्या. शहात्तर किलोला काटा सरळ झाला.

"इतलाच?" तापीबाई म्हणाली. "नवस करा तव्हय तर एकशे तीन व्हता. बाकीना कोठे गया?"

"बॅरेजना रस्तावर सांडना, माय," सीमा म्हणाली आणि सगळे हसले.

तापीबाई हसली नाही. ती आत गेली आणि ते फडकं घेऊन आली. वरवंटा आणि दोन्ही गोटे तिने योगेंद्रच्या मांडीवर ठेवले. डावं पारडं पुन्हा खाली गेलं.

"हाई मन्ही लबाडी शे," ती दोधूअप्पाला म्हणाली. "इन्हा बी गूळ टाक."

दोधूअप्पाने सहा किलो गूळ आणखी चढवला. काटा मधोमध आला आणि थांबला.

मित्रांनो, पारडं वर जाणं चांगलं की खाली, हे मला अजूनही सांगता येत नाही. म्हाताऱ्या तराजूचं एवढंच ऐका. महिन्यातून एकदा माझ्या कड्यांना तेलाचं बोट लावा. माल भरण्याआधी रिकामा काटा बघा. आणि कुणासाठी जीव घाबरला तर ते त्याच्या तोंडावर सांगा, माझ्या पारड्याखाली बांधू नका. मी ते ओझं दाखवू शकतो, पण ते कसलं आहे ते मला सांगता येत नाही.