साखरेचा मेंढा

साखरेची किळस येणारा हलवाई तुम्ही पाहिला नसेल. मी आहे. पन्नास वर्षं नाबूल गावात उकळता पाक साच्यात ओतून बाहुल्या काढल्या. त्यातल्या एकीला तर स्थळं सांगून आली होती. पण आमच्या गल्लीतल्या मनूबियाची टोपली आठवली की अजून घशाशी येतं.

आमच्याकडे मोहरमला वर्ष बदलतं. आदल्या दिवशी, लग्न ठरलेल्या मुलाच्या घरून मुलीकडे टोपली जाते. मधोमध रंगवलेली साखरेची नवरी, भोवती बदाम, अक्रोड, सुके अंजीर, तिळाच्या वड्या. मुलीला बाहुली द्यायची. कोंबडा, घोडा ही जनावरं पोरांना. नाबूलच्या कुत्र्यामांजरांनाही हे ठाऊक आहे.

मनूबियालाही होतं. यंदा तिच्या मुलाचं ठरलं होतं, टोपली तिच्याकडूनच जायची होती. पण बकरी ईदला शेजारीण तिच्या मेंढ्याकडे बघून म्हणाली, "मांजर छान आहे हो." वीस दिवसांत मेंढा पचला, ते वाक्य पचेना.

"ख्मैस, यंदाची टोपली एकाच विषयाची," ती दुकानात येऊन म्हणाली. "आमचा मेंढा."

"वहिनी, मुलीला नवरी पाठवतात."

"नवऱ्या सगळेच पाठवतात. तुम्ही साखरेचा मेंढा करा, चांगला गाढवाएवढा. शिंगं त्याचीच खरी लावीन, भोवती त्याचंच वाळवलेलं मांस. बघू दे गावाला!"

मागे तिचा मुलगा जलूल उभा होता. एकोणचाळीस वर्षांचा. शाळेत भूगोल शिकवायचा, पण आईसमोर त्याला चारही दिशा सारख्याच. आई पुढे गेल्यावर कुजबुजला, "काका, नवरीच करा हो. माझं पहिलं ठरलेलं आईनंच मोडलं. आता ही दलेंदा म्हणालीये, टोपली बघून तारीख सांगते. नाही आवडली तर तारीख नाही आणि लग्नही नाही."

"मग सांग की आईला."

"तुम्हीच सांगा ना."

मी सांगितलं नाही. माझी बायकोही तिला भ्यायची, मी कोण? मेंढा ओतला.

दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात टोपली भरताना पाहिली, ती न पाहिली असती तर बरं झालं असतं. ईदची लोकर तिनं न धुता ठेवली होती, लेंड्यांसकट. एकेक झुबका घ्यायची, साखरेवर अंगठा फिरवायची आणि चिकटवायची. चिकटावं म्हणून अंगठा आधी चाटायची. तासभर चाटत होती. जलूल जिन्यावर बसून बघत होता.

"वहिनी, पाणी आणू का?"

"कशाला? माझी थुंकी चांगली चिकटते."

लसूण, मिरची नि तेलात मुरलेल्या मांसाच्या पट्ट्या तिनं मेंढ्याच्या पोटाशी रचल्या. तेल साखरेला लागलं आणि साखरेला घाम फुटला. डोळ्यांचा लाल रंग ओघळून नाकपुड्यांत गेला. बदाम, अंजीर सगळे त्या रसात पोहू लागले.

चौघांनी मेंढा टोपलीसकट फळीवर घालून बाजारातून नेला. मागे मांजरांची रांग. माश्या तर नाबूलच्या होत्याच, पण शेजारच्या हम्मामेत गावच्याही आल्या; दोन मी टॅक्सीतून उतरताना पाहिल्या. मसाल्याच्या दुकानदारांनी, ज्यांना जन्मात कशाचा वास येत नाही, दुकानांच्या फळ्या ओढून घेतल्या.

टोपली दलेंदाच्या घरात उतरली. तिचं औषधाचं दुकान आहे, नाकाची पक्की. तिनं टोपलीकडे पाहिलं आणि हात मागे बांधले. तिचे वडील, हाज तैयब, लाल टोपी काढून तोंडावर धरून उभे.

मुलाच्या आईनं तुकडा मोडून सुनेच्या तोंडात घालायचा, ही आमच्या गल्लीची रीत. मनूबियानं कान मोडला. त्यातून केस लोंबत होते.

"उघड तोंड, बाळा. जन्मात असं खाल्लं नसशील."

"खरंय," दलेंदा म्हणाली आणि मनूबियाच्या खांद्यावरून तिनं जलूलकडे पाहिलं. "आधी तू खा. तू खाल्लंस तर मी खाते."

जलूलनं कान घेतला. तोंडात घातला. चावला. कडकड आवाज आला, मग आवाज थांबला नि नुसतं तोंड हलत राहिलं. ओठांतून एक लांब केस खाली आला. गिळतोय आता, मी म्हटलं, संपलं याचं.

तो थुंकला. थेट फरशीवर.

"आई, हे घाण आहे. तू थुंकी लावलीस. मी बघत होतो."

"घाण? माझं?"

"तुझं."

आवाज फाटला होता, पण शब्द पोचले. दलेंदानं त्याला पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाली, "बाबा, तारीख सांगा यांना."

इकडे मनूबियानं टोपलीशी बैठक मारली. "घाण म्हणे! बघा, घाण कोणी खातं का!" म्हणत तिनं मेंढ्याचा पुढचा पाय मोडला, मांसाच्या तेलात बुडवला आणि लोकरीसकट खाऊ लागली. दर घासाला आमच्याकडे बघत बोटं चोखायची. एक माशी गेली आत. ती थांबली नाही.

मी दार गाठलं, गटारापाशी वाकलो. तिथे माझ्याआधी हाज तैयब वाकलेले होते. लग्नाची तारीख त्यांनी तिथूनच ओरडून सांगितली.