चार वीसचा निरोप

अनुराधाने ते शहर डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ओहायोतलं, फार मोठं नाही, अगदी लहानही नाही. पण तिथल्या स्कूलबस चालवणाऱ्यांपैकी कुणाचे गुडघे धरतात, कुणाची आई अंथरुणाला खिळलीय, हे तिला ग्लासगोच्या आपल्या मागच्या खोलीत बसून ठाऊक होतं. ज्याला यायला जमणार नाही त्याने तिथल्या पहाटे साडेचारच्या आत फोन करायचा, आणि हिने बदली ड्रायव्हर शोधायचा. तिथले चार म्हणजे इथले सकाळचे नऊ. पूजा, जप आटोपून ती नवाच्या ठोक्याला हेडफोन चढवी.

मार्चमधल्या त्या सोमवारी चढवला, तर सात निरोप आधीच येऊन पडलेले! स्क्रीनवर तिथली वेळ होती पाच.

"अहो, जरा बघता का? हे पाच कसे वाजले?"

शशिधर दारातूनच म्हणाले, "त्यांची घड्याळं काल पुढे गेली. आपली जायला तीन आठवडे आहेत अजून. तुझा महादेव घड्याळ बघत नाही गं, पण अमेरिका बघते!"

तिला हसू येईना. भराभर फोन करून तिने साती बदल्या लावल्या. शेवटचा निरोप लेनर्डचा होता. 'आत्ता चार वीस झालेत. बायकोच्या छातीत दुखतंय, हॉस्पिटलला नेतोय. माफ करा.'

तिने त्याचं नाव भरलं, आणि बाकी सहांसारखीच वेळेच्या चौकटीत नोंद केल्याची वेळ आपोआप उमटली : पाच वाजून पंचवीस मिनिटं. उशीर. लेनर्डचे दोन उशीर आधीच झाले होते. तिसऱ्याला नोकरी जाते, आणि पेन्शनला त्याचं एकच वर्ष उरलेलं.

घड्याळं बदलणार हे कंपनीने कळवलं होतं का? तिने शोधलं. शुक्रवारचं ईमेल होतं, तेही उघडलेलं. कधी उघडलं, कसं विसरले, काही केल्या आठवेना.

तेवढ्यात तिची सुपरवायझर मोराग हिचा फोन आला.

"लेनर्डचं कळलं? डेपोवाल्यांनी विचारलं त्याला. म्हणतो, माझंच घड्याळ चुकलं असेल, कालच काटे फिरवले. म्हणजे मिटलं."

अनुराधा गोंधळली. तो स्वतःच म्हणतोय! मग खरं काय, त्याचा निरोप की त्याची कबुली? तिने निरोप पुन्हा उघडला. कडेला बारीक अक्षरात वेळ होती : चार वीस.

"मोराग, त्याचं घड्याळ बरोबर होतं. मी तासभर उशिरा बसले. ती नोंदलेली वेळ माझी आहे."



"हे लेखी देशील? शुक्रवारी तुझं प्रोबेशन संपतंय, लक्षात आहे ना?"

"आहे. आत्ता देते."

"दे मग. पुढचं मला विचारू नकोस."

शेऱ्याच्या चौकटीत तिने तीन ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. लेनर्डच्या आणि बाकी सहांच्या नावांपुढचा उशीर पुसला गेला.

"काय म्हणाली गं?" शशिधरनी विचारलं.

"रागावली की सुटल्यासारखं झालं तिला, काहीच कळलं नाही हो. आणि त्या लेनर्डच्या बायकोचं कसं आहे, ते कुणी विचारलंच नाही. मी विचारलेलं चालतं का, तेही ठाऊक नाही मला."

असं म्हणत तिने लेनर्डचा नंबर फिरवला.