सहदेवचं सोंग

सहदेव नांदगाव खंडेश्वरकडचा झेंडूवाला. ऐन दसऱ्याच्या तोंडावर शेजारच्या शेषरावच्या म्हशी त्याच्या वावरात शिरल्या आणि तोडणीला आलेला झेंडू तुडवून गेल्या. जाब विचारला तर शेषराव हसत म्हणाला, "जनावर हाये, त्याले काय समजते?" सहदेवचं डोकं फिरलं. हातातली काठी त्यानं हाणली आणि शेषरावचा हात मोडला.

केस झाली तसा सहदेव घाबरला. गावातल्या भगवंतरावांना कायद्यातलं सगळं कळतं असा गावाचा समज होता, त्यांचाही. ते त्याच्या कानाशी लागले. "वेड्यावानी कर. वेड्याले सजा होत नाई."

सहदेवनं कोर्टात आरोळी ठोकली, न्यायाधीशांना मामा म्हटलं आणि टेबलाखाली शिरला. कोर्टानं त्याला तपासणीसाठी अमरावतीच्या एका दवाखान्यात पाठवलं. मानसिक आजारांच्या वॉर्डात त्याला खाट मिळाली आणि दारात एक हवालदार बसला.

वॉर्डातली डॉक्टर प्रणाली अमरावतीच्याच राजापेठेत वाढलेली. कोर्टाकडून आलेली ही तिची पहिलीच केस. तिनं आधीच सांगून टाकलं, "काका, तुम्ही इथे जे बोलाल ते मी कोर्टाला कळवणार आहे. समजलं?"

"मी काका नाई. मी बैल हावो," सहदेव म्हणाला.

"बरं. बैलाला पाय किती?"

"तीन."

"दोन आणि दोन?"

"पाच."

प्रणालीनं हसू दाबलं. प्रत्येक उत्तर खऱ्याला अगदी चिकटून चुकत होतं. इतकं नेमकं चुकायला खरं उत्तर ठाऊक असावं लागतं.

"त्या दिवशी काय झालं?"

"कानात आवाज आला. मार म्हने शेषरावले. मंग मारलं."

"आवाज कोणत्या रंगाचा होता?"

सहदेव अडखळला. मग ठासून म्हणाला, "हिरवा."

"आणि मारल्यावर काठी कुठे गेली?"

"कडब्यात लपवली."

"तेही आवाजानंच सांगितलं?"

"नाई, ते माई आयडिया. पोलिसाले सापडू नये म्हनून…" सहदेवनं जीभ चावली आणि घाईघाईनं बैलासारखा हंबरला.

बाहेर आल्यावर नर्स सीमा हसून लोटपोट झाली. "मॅडम, लिहून टाका. काठी लपवली म्हणजे चूक केली ते त्याले माहीत होतं."

"एवढ्यात नाही," प्रणाली म्हणाली. "सोंग करणारा माणूस आजारीही असू शकतो. थोडे दिवस बघू."

तिनं बघायला सुरुवात केली. ती वॉर्डात शिरली की सहदेव हंबरायचा. ती गेली की हवालदाराशी कापसाच्या भावावर गप्पा मारायचा आणि रात्री मस्त घोरायचा.

त्याच्या शेजारच्या खाटेवर खुशालराव होते, अकोल्याचे निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचा आजार खरा होता. जेवणात कुणीतरी विष कालवतं असं त्यांना वाटे. ताट आलं की ते दूर सारत, 'यात काहीतरी कालवलंय' असं पुटपुटत आणि डोळ्यांत पाणी येई. सहदेव हे बघत होता. एका दुपारी तो हंबरायचं विसरला, उठला आणि त्यांच्या खाटेवर जाऊन बसला.

"गुरुजी, मी खाऊन पायतो. मले काई झालं नाई तर तुमी खा. जमते?"

त्यानं त्यांच्या ताटातली भाकर मोडली, वरणात बुडवून खाल्ली आणि छाती पुढे काढून बसून राहिला. खुशालराव त्याच्याकडे टक लावून बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी एक घास घेतला. मग दुसरा. दारात उभ्या सीमानं प्रणालीचा हात घट्ट धरला.

मग ते रोजचंच झालं. औषधांचा गुण येत होता आणि सहदेवच्या सोबतीनं खुशालराव पोटभर जेवत होते. प्रणालीचा अहवाल जवळजवळ तयार झाला, तेव्हा सहदेव स्वतःच तिच्या खोलीत आला.

"मॅडम, मी वेडा नाई."

"मला माहीत आहे, काका."

"कवापासून?"

"बैलाला तीन पाय निघाले तेव्हापासून."

सहदेवला हसू फुटलं, पण लगेच तो गंभीर झाला. "गुरुजीले खरंच भेव वाटते हो. अन् मी त्याईच्या बाजूले बसून वेडाचं नाटक करून राहिलो. मले शरम येते. जे होईन ते होईन, कोर्टात खरं सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. कोर्टात प्रणालीचा अहवाल वाचून झाला तसा तो हात जोडून उभा राहिला. "साहेब, मी शुद्धीत होतो. रागात मारलं. चुकलं माह्यं." मग शेषरावकडे वळला. "भाऊ, माफ कर."

शेषरावचं प्लास्टर निघालं होतं. तो खाली बघत पुटपुटला, "म्हशी मीच सोडल्या होत्या साहेब. कुंपन मोडलं होतं, मले माहीत होतं." मग मान वर करून म्हणाला, "पन एक इचारू काय? आवाज हिरवा होता असं यानं खरंच सांगितलं?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनीही चष्मा पुसायला काढला. दोघांनी समेट केला, कोर्टानं समज देऊन परवानगी दिली आणि बाहेर येऊन दोघं एकाच गाडीवर बसून गावाला गेले. भगवंतराव मात्र त्यानंतर बरेच दिवस पारावर दिसले नाहीत.

हिवाळ्यात खुशालराव बरे होऊन घरी गेले. गोळ्या चालू होत्या, त्या ते वेळेवर घेत. अकोल्यात त्यांनी अंगणात रविवारची चित्रकलेची शिकवणी पुन्हा सुरू केली आणि सहदेवला निरोप धाडला. तो आला तसा त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि मुलांना म्हणाले, "आज माणूस काढायचा."

सहदेवला काही स्थिर बसता येईना. कधी मिशीला पीळ, कधी मान वळवून चित्र बघायची घाई. खुशालराव ओरडले, "सहदेव, हलू नकोस! तुझं नाक कुठे काढावं तेच लेकरांना कळून नाही राहिलं!"

त्यांची बहीण चतुराबाई चहा घेऊन दारात आली ती तशीच थबकली. खुशालराव पोट धरून हसत होते, मुलंही हसत होती, आणि सहदेव खुर्चीवर ताठ बसून, गाल फुगवून हसू आवरत होता.