चू वेनलानची बॅट

मित्रांनो, मी टेबल टेनिसची एक जुनी बॅट आहे. माझं लाल रबर काळवंडलं आहे, कडांचे टवके उडाले आहेत. मुठीजवळ एक खळगा दिसेल. तो चू वेनलानच्या तर्जनीने अठरा वर्षांत पाडला. रबरं किती बदलली, लाकूड मी तेच.

माझा जन्म आनशानच्या पोलाद कारखान्यातल्या सुतारखात्यात झाला. वेनलानचे वडील तिथे कामाला होते. लेक पेन धरतात तशी बॅट धरायची, म्हणून त्यांनी माझी मूठ आखूड ठेवली आणि तिच्या बोटांच्या मापाने घासली. शाळेच्या अंगणात सिमेंटचं टेबल, मधे जाळीऐवजी विटांची ओळ. थंडीने चेंडू तडकायचे, बोटं उलायची, तरी ती खेळायची. अकराव्या वर्षी तिला प्रांताच्या संघाने उचललं, सतराव्या वर्षी देशाच्या.

मग पदकं आली. सांघिक आली, दुहेरीतली आली. आनशानच्या स्टेशनवर ढोल वाजले. एकेरीचं विश्वविजेतेपद मात्र दोनदा हातचं गेलं. अठ्ठाविसावं लागलं, खांदा ठणकू लागला. मला पुसताना ती म्हणायची, "एवढी एकच स्पर्धा साथ दे गं."

त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत समोर तोंग आली. एकोणीस वर्षांची, आमच्याच संघातली, वेनलानच्याच खोलीत राहणारी. आपल्याच संघातल्या दोघी समोरासमोर आल्या की पुढे कोणी जायचं ते आमच्याकडे प्रशिक्षक ठरवत. सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणीच नसे.

सकाळी पेज घेताना प्रशिक्षक मा शेजारी येऊन बसले. कधी नव्हे ते त्यांनी तिच्यासाठी अंडं सोललं. अंतिम फेरीत पोचलेली परदेशी मुलगी चेंडू कापून, उलटी फिरकी देऊन परत करते, तिच्यापुढे तोंग जास्त टिकेल, असं ते हळू आवाजात म्हणाले. शिवाय तुझा खांदा.

"खांद्याला मधे कशाला आणता, सर? हुकूम आहे म्हणा."

"हुकूम नाही, पोरी. विनंती."

"मग नाही म्हणू?"

मा यांनी सोललेलं अंडं तिच्या वाडग्यात ठेवलं आणि म्हणाले, "तोंगला कळू देऊ नकोस. बुजेल ती."

मित्रांनो, जिंकण्यापेक्षा असं हरणं अवघड. चेंडू बाहेर जायला हवा, पण बोटभरच. दोन-दोन गेम झाले. पाचव्यात तिचा हात सगळं विसरला. सतरा-बारा, आम्ही पुढे. मी तिच्या मुठीत गात होते. तेवढ्यात बाकावर मा यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तिने पाहिलं, खूण ओळखली. तिची तर्जनी माझ्या खळग्यात थंड पडली. एकवीस-एकोणीसने आम्ही हरलो. शेवटचा चेंडू केसभर बाहेर गेला.

तोंग तिच्या गळ्यात पडली. "लानताई, तुला हरवलं गं मी. खरंखुरं हरवलं."

दोन दिवसांनी तोंग जगज्जेती झाली. वेनलानने पुन्हा स्पर्धेत मला हाती धरलं नाही. ती आनशानला परतली, शाळेत मुलांना शिकवू लागली. मी कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत पडून राहिले. रबर सुटलं, गोंदाचा वास उडाला.

नऊ वर्षांनी तोंग घरी आली. मला पेटीतून काढायला लावलं.

"लोक काहीबाही बोलतात, ताई. तू सामना सोडलास म्हणे."

"लोकांना काय उद्योग? माझा खांदा गेला होता. तू जिंकलीस."

तोंगने मला उलटंसुलटं केलं, खळग्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "खांदा गेलेल्याचा चेंडू कुठेही जातो, ताई. तुझा शेवटचा केसभर गेला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

वेनलानने चहाचा कप पुढे सरकवला. तोंग चहा न पिताच गेली. पुन्हा आली नाही.

मित्रांनो, तुमची बॅट ओल्या फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका, टेबलाच्या कडेवर आपटू नका. एवढं केलंत तर लाकूड खूप वर्षं टिकतं. पण तिच्याकडून खोटा खेळ कधी करून घेऊ नका. त्या दिवशी टाळ्या दोघींनाही मिळाल्या होत्या. जिंकली मात्र एकही नाही.