दुसऱ्याच्या संगणकावर

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. गोंगाटातून माणसाचं बोलणं वेगळं काढायचं, हे माझं काम. एका संशोधक ताईने मला कानाच्या यंत्रासाठी लिहिलं. तिच्या वडिलांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांनी चारचौघांत बसणंच सोडलं होतं.

माझ्याविषयीचा ताईचा लेख एका मोठ्या परिषदेने स्वीकारला आणि मलाही मागवून घेतलं. लेखात लिहिलेलं दुसऱ्याच्या संगणकावर खरंच घडतं का, हे तिथे एक तपासनीस पडताळतो. त्याचं नाव लेखकाला कळत नाही. मी मात्र त्याच्या घरी राहून आलो. जेवणाच्या टेबलावर संगणक आणि मांडीवर चुळबुळणारी लेक, असा तो कामाला बसायचा.

त्याने मला सुरू केलं आणि मी तोंडावर आपटलो! मला लागणारी ध्वनिमुद्रणं ताईच्याच संगणकात राहिली होती. नापास करून तो मोकळा झाला असता. पण त्याने काय कमी आहे ते सविस्तर लिहून पाठवलं.

ताई वैतागली. "माझ्याकडे तर छान चालतो!"

"लेख घेतलाय ना त्यांनी? मग सोड ना," तिचे सर म्हणाले.

तिने मला मैत्रिणीच्या संगणकावर चालवून पाहिलं. तिथेही माझी बोबडी वळली.

"अगं, हा तुझ्याशिवाय कुणाचं ऐकतच नाही!" मैत्रीण हसली.

ताईला हसू आलं नाही. "मग बाबांच्या यंत्रात कसा चालेल?" म्हणत तिने बाह्या सरसावल्या. ध्वनिमुद्रणं माझ्यासोबत बांधून दिली, मला चालवायची रीत सोप्या शब्दांत लिहिली.

पुन्हा मी त्या टेबलावर गेलो. ध्वनिमुद्रणात भांड्यांच्या खणखणाटात बुडालेलं एका बाईचं वाक्य मी स्वच्छ बाहेर काढलं.

"बाबा, ही काकू मघाशी का बोलत नव्हती?" लेकीने विचारलं.

"बोलत होती गं. आपल्याला ऐकू येत नव्हतं."

किती शब्द स्वच्छ ऐकू आले, त्याचे आकडे लेखाशी जुळले. मला पसंतीचा शिक्का मिळाला आणि सर्वांसाठी खुल्या संग्रहात जागाही.

पुढे ताई दुसऱ्या कामात गुंतली. बरीच वर्षं मला कुणी हात लावला नाही. मग कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या शाळेतल्या एका बाईंना मी सापडलो. ताईने लिहिलेलं वाचत त्यांनी मला पहिल्याच फटक्यात सुरू केलं आणि मुलांच्या कानाच्या यंत्रांत बसवून घेतलं. परवा भरल्या वर्गात पाठीमागून मैत्रिणीने हाक मारली आणि एक मुलगी चटकन वळली!

तपासनीसाला हे कधीच कळणार नाही. त्याचं माझ्यावरचं ऋण मात्र फिटणार नाही.

मित्रांनो, तुम्ही काही घडवलंत तर ते परक्या हातांत देऊन बघा. कुणी चूक दाखवली तर रुसू नका. त्या माणसाने आपली कामं बाजूला ठेवून तुमची वस्तू जपून हातात घेतलेली असते.